कृष्णजन्म महिनाभर आधी झाला, त्याबद्दल

साकेत नगर, भोपाळ
श्रावण शुद्ध द्वादशी
(शुद्ध पक्ष चालू आहे, म्हणजे महिन्याच्या नावावरून वाद होण्याचं कारण नाही. हा पंधरवडा लागेपर्यंत मुद्दाम थांबलो.)

तीर्थस्वरूप मोहनमामांच्या चरणी शैलेंद्रचा साष्टांग नमस्कार. (हे खुर्चीत बसून लिहिलं आहे, पण लिहायला बसण्याआधी देवासमोर एक घातला, तो तुमच्याकडे वळता करून घ्यावा.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? रजनीमामींच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याला सुईतला दोरा दिसतो का, की अजून शेजारच्या सुनेला हाक मारावी लागते? इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. मंजूषाची शाळा सुरू झाली, तिचा आवाज नेहमीप्रमाणे पहिल्या आठवड्यात बसला आणि घरात पाच दिवस फार शांतता होती. केतकी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला गेली. ती दिवसभर हिंदी बोलते आणि काही हवं असलं की मराठी, त्यामुळे घरात मराठी ऐकू आली की मला जरा धडकीच भरते.

आता पत्राचं कारण. आषाढ वद्य नवमीपासून, म्हणजे आज अठरा दिवस, तुम्ही माझा फोन उचललेला नाही. पहिले दोन दिवस मी म्हटलं, बोरखेडीचा टॉवर बंद असेल. तिसऱ्या दिवशी मामींनी उचलला आणि "ते झोपलेत" म्हणाल्या. सकाळचे नऊ वाजले होते. मामा, सातवीपर्यंत मी तुमच्या घरी राहून तुमच्याच शाळेत शिकलो, आणि सकाळी नऊला तुम्हाला झोपलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही. तापातसुद्धा तुम्ही फळ्यावर तारीख आणि तिथी लिहायला यायचात. तेव्हाच समजलो, की माझ्या त्या मेसेजवरून तुम्ही रागावला आहात. राग रास्त आहे. पण आई गेल्यापासून मला 'शैल्या' म्हणून हाक मारणारं माणूस जगात एकच उरलं आहे आणि तेच बोलत नाही, हे मला फार दिवस सोसणार नाही. म्हणून काय घडलं ते पहिल्यापासून सगळं लिहितो. वाचून झाल्यावर रागवायचं असेल तर फोन उचलून रागवा, एवढंच म्हणणं आहे.

मी काय करतो ते तुम्हाला फोनवर तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा तुम्ही "बरं" म्हणालात, त्यावरून ते समजलं नाही हे मला समजलं. तर ऑनलाइन शिकवण्याची एक व्यवस्था असते. शाळाच ती, फक्त इमारत नाही आणि मधल्या सुट्टीत भांडणं नाहीत. पाठ, हजेरी, परीक्षा, प्रगतिपुस्तक सगळं कॉम्प्युटरवर. मी दिवसा ज्या खासगी संस्थेत नोकरी करतो तिथे नर्सिंगच्या मुलींचे पाठ असेच चालतात, आणि ते बंद पडू न देणं हे माझं काम. ही व्यवस्था जगभर वापरतात. आता जगभर चालणाऱ्या वस्तूत आपल्या गरजेचं सगळं थोडंच असणार? सायकल कंपनीची येते, पण दुधाचे कॅन अडकवायला मागे जी कडी लागते ती गावचा लोहारच करून देतो. तशी कडी या व्यवस्थेलाही जोडता येते. तिला प्लगइन म्हणतात. मी लोहार.

ही कडी मागितली नलिनीताईंनी. त्या एकाहत्तर वर्षांच्या, मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, टी. टी. नगरात राहणाऱ्या, आणि आमच्या स्नेहदीप मराठी मंडळात ज्यांच्यासमोर अध्यक्षही खुर्चीच्या कडेवर बसतात अशा. इथली मराठी मुलं शेजारपाजारचे सगळे सण करतात आणि आपल्या घरचे विसरतात, म्हणून ताईंनी 'घरचे सण' नावाचे बावन्न पाठ तयार केले: पूजा कशी मांडायची, नैवेद्याला काय, दूर्वा मिळाल्या नाहीत तर काय. एकशे चाळीस जणांनी नावं नोंदवली. (विद्यार्थी क्रमांक एक म्हणून मी तुमचं नाव घातलं. तुम्हाला शिकण्याची गरज नव्हती, मला मिरवण्याची होती.) ताईंची अट एकच. प्रत्येक पाठ त्याच्या सणाच्या आदल्या दिवशी उघडला पाहिजे, आणि सगळ्यांना तसा मेसेज गेला पाहिजे. "संक्रांतीचा पाठ वैशाखात उघडून काय करायचं? तिळगूळ घामाने विरघळेल. आणि हे बघ, तारखेवर नाही हं. तारीख सरकारची, तिथी आपली." व्यवस्थेला तारीख कळते, तिथी कळत नाही. ती कळवणारी कडी मी चार महिने संध्याकाळी दिवा लागला की बसून घडवली.

अशा कामाने माणूस नम्र होतो, मामा. एक अर्धविराम राहिला तर सबंध शाळा बंद पडते आणि पडद्यावर इंग्रजीत अपमान येतो. माझी सुरुवातच अडखळली. कुठल्याही कागदाच्या माथ्यावर ॥ श्री ॥ लिहायची सवय तुमचीच. मी प्रोग्रामच्या माथ्यावरही लिहिलं, आणि सगळं ठप्प. दोन दिवस मी इतर चुका शोधत होतो. शेवटी केतकीने पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, भगवानजी को कमेंट में डालो ना." कमेंट म्हणजे यंत्राने वगळायचा आणि फक्त माणसांनी वाचायचा मजकूर. तेव्हापासून श्री तिथे आहे, यंत्राला न दिसता, आणि काम चालू आहे. (देवाचं बहुतेक ठिकाणी असंच असावं.)

पाडव्याला अभ्यासक्रम सुरू झाला. किरकोळ अपघात झाले, ते लपवत नाही. प्रत्येक पाठाखाली पाच प्रश्न होते आणि त्यांतले तीन बरोबर आल्याशिवाय पुढचा पाठ उघडायचा नाही, ही शिस्त मी माझ्या मनाने घातली. (तुमच्या शाळेचा परिणाम.) सोनागिरीचे सुभाषराव, कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, पाडव्याच्या कडुनिंबाच्या चटणीवरच्या प्रश्नांत अडकले. रामनवमीला भर दुपारी त्यांचा फोन आला, "अहो, तिकडे रामजन्म झाला, पाळणा हलला, आणि मी अजून पाडव्यातच! माझी रामनवमी सोडवा." मी विचारलं, "कुठल्या प्रश्नाला अडलात?" म्हणाले, "चटणीत काय घालत नाहीत, असं विचारलंय. आमची ही सगळंच घालते!" त्यांची रामनवमी हाताने सोडवली. पुढे एक एकादशी दोन दिवस आली, मेसेजही दोनदा गेला, आणि एका बाईंनी दोन दिवस उपवास करून तिसऱ्या दिवशी मला विचारलं, "उद्या पण आहे का? तसं असेल तर साबुदाणा भिजवते." पण एकूण गाडी चालली. पाडवा, रामनवमी, अक्षय्य तृतीया, वटपौर्णिमा, आषाढी, गुरुपौर्णिमा, सगळं जिथल्या तिथे. आषाढीला तर ताईंनी मला मंडळात उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. तेव्हा माझ्या मनात जे आलं त्याला मी समाधान म्हणत होतो. आता वाटतं, गर्व असावा. दोघांची चव सुरुवातीला सारखीच लागते.

आता मूळ चूक. तिथी समजण्यासाठी प्रोग्रामला वर्षभराचा तक्ता लागतो, कुठल्या तारखेला कुठला महिना, कुठला पक्ष, कुठली तिथी. पंचांग समोर ठेवून तीनशे पासष्ट ओळी हाताने उतरवायच्या, तर त्याला दोन आठवडे लागले असते. आमच्या घरचं पूजापाठाचं सगळं पंडित रामसेवकजी पाहतात. मूळचे सीहोरकडचे, अत्यंत सज्जन. त्यांच्याकडे असा तक्ता कॉम्प्युटरवर तयारच होता, त्यांनी आनंदाने पाठवला. महिने आपलेच, चैत्र, वैशाख. तिथ्या आपल्याच. फक्त 'वद्य' असायचं तिथे 'कृष्ण' होतं. मी एका बटणाने सगळीकडे 'कृष्ण' काढून 'वद्य' घातलं, आणि तक्ता मराठी झाला असं समजलो.

पुढचं तुम्ही एव्हाना ओळखलं असेल. आपला महिना अमावास्येला संपतो, इकडच्या लोकांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचं नाव एकच, पण वद्य पक्ष आला की हे आपल्या एक महिना पुढे. आपण आषाढ वद्य म्हणतो तेव्हा इकडे सावन लागलेला असतो आणि मंजूषाच्या शाळेतल्या बाया सोमवारचे उपवास सुरू करून तिच्या डब्याकडे दयेने पाहत असतात. हे मला माहीत नव्हतं का? बावीस वर्षं भोपाळात काढली, दरवर्षी पाहतो! पण पाहणं वेगळं आणि प्रोग्राम लिहिताना आठवणं वेगळं. ताईंनी निवडलेले पाडव्यापासूनचे सगळे सण शुद्ध पक्षातले किंवा पौर्णिमेचे, म्हणून चार महिने चूक दबून राहिली. वद्य पक्षातला पहिला पाठ गोकुळाष्टमीचा. श्रावण वद्य अष्टमी. तक्त्यात ती आपल्या आषाढात होती. आदल्या पहाटे एकशे चाळीस फोनांवर एकदम मेसेज गेला: 'उद्या गोकुळाष्टमी. पाठ उघडला आहे. उपवासाची व पाळण्याची तयारी करावी.'

सात वाजता नलिनीताईंचा फोन. रागावल्या असत्या तर बरं होतं. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "शैलेंद्र, कृष्णाला यायला अजून महिना आहे ना रे? निदान देवकीला तरी विचारायचं होतंस." त्यानंतर दिवसभर फोन थांबला नाही. काहींनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि हसून सोडून दिलं. काहींनी पाहिलंच नाही. सुभाषरावांनी दोन बाल्कन्यांच्या मध्ये दहीहंडीची दोरी बांधली. शेजारीण त्यांचे आभार मानून तिच्यावर चादरी वाळत घालून गेली. दुसऱ्या दिवशी मंडळाची तातडीची बैठक. अध्यक्ष भालचंद्रराव म्हणाले, "कंसाला इतकी आगाऊ सूचना मिळाली असती तर पुढचं सगळंच बदललं असतं." सगळे हसले, आणि त्या हसण्यात मी वाचलो. आठ दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर कागद पाठवू, असं ठरलं.

मी आधी रामसेवकजींकडे गेलो. त्यांना दोष द्यायला नाही, समजून घ्यायला. ते ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. सगळं ऐकून म्हणाले, "भैयाजी, हमारा महीना तो पूनम को पूरा हो जाता है। आपका अमावस तक चलता है। तो ये पंद्रह दिन आप लोग करते क्या हैं?" मग म्हणाले, "भगवान तो एक ही रात को जनमे हैं। नाम अलग लिखने से क्या होता है?" हे मात्र खरंच. रात्र एकच, आपण तिला श्रावण म्हणतो, ते भादों म्हणतात. मला दोन्ही नावं बरोबर वाटली, फक्त माझा तक्ता चूक होता, कारण त्यात नावं त्यांची होती आणि सण आपले.

दुरुस्तीला सहा दिवस लागले. प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रश्न टाकला: आपल्या घरी महिना अमावास्येला संपतो की पौर्णिमेला? मला वाटलं होतं, सगळे अमावास्या म्हणतील. तीस जणांनी 'माहीत नाही' लिहिलं. एकीने लिहिलं, 'सासूबाईंना विचारून कळवते', आणि दुसऱ्या दिवशी, 'सासूबाई म्हणतात तू आधी काय समजत होतीस ते सांग.' नवरा मूळचा वर्ध्याचा आणि बायको विदिशेची अशा एका घरातून उत्तर आलं: 'दोन्ही. कृपया एकच मेसेज पाठवावा.' आता प्रोग्राम ज्याच्या-त्याच्या घरच्या रीतीने महिना मोजतो. तुमच्या नावापुढे मी न विचारता अमावास्या लिहिली आहे. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ येतो आहे, त्याचं काय करायचं ते रामरायाला माहीत. काम झाल्यावर तपासणीसाठी मला तोंडपाठ असलेली एक वद्य पक्षातली तिथी घातली. (त्यातून जे निघालं ते इथे लिहिलं तर पत्र इथेच थांबेल. खाली लिहितो.)

तर मामा, घडलं ते हे असं. तुम्ही ज्याला बोट धरून पंचांगाचे रकाने वाचायला शिकवलंत, त्याने एकशे चाळीस घरांना चुकीची अष्टमी सांगितली, आणि त्यांत तुमचं घर पहिलं. तुमच्यासारख्या माणसाला तो मेसेज वाचून काय वाटलं असेल, याची मला कल्पना आहे. क्षमा असावी, आणि फोन उचलावा. मी रोज संध्याकाळी साडेसातला करतो. मामींना नमस्कार. मंजूषाचा तुम्हा दोघांना नमस्कार, केतकीचाही. (तिने तो हिंदीत सांगितला.)

तुमचा आज्ञाधारक,
शैल्या

ता. क. खरं तर एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं, क्षमा रोजच्या रोज मेसेजवर मागत राहिलो असतो. तपासणीला घातलेली तिथी आईची होती. माघ वद्य षष्ठी. पडद्यावर जी तारीख आली ती पाहून मी आधी प्रोग्रामच चुकला म्हणालो. मग उठून स्वयंपाकघरातलं कॅलेंडर पाहिलं, मग जुनी कॅलेंडरं काढली. (मंजूषा जुनी कॅलेंडरं डब्यांखाली घालते, त्यामुळे सगळे डबे उतरवावे लागले.) मामा, आईचं श्राद्ध दरवर्षी रामसेवकजींकडून होतं. पहिल्या वर्षी त्यांनी तिथी विचारली, मी 'माघ, षष्ठी, कृष्ण पक्ष' सांगितलं, त्यांनी त्यांच्या पंचांगात लिहून घेतलं. तेव्हापासून ते दोन दिवस आधी फोन करतात, "माताजी की तिथि परसों है," आणि मी रजा टाकतो. त्यांचा माघ कृष्ण म्हणजे आपला पौष वद्य. अकरा वर्षं मी आईचं श्राद्ध महिनाभर आधी करतो आहे. तुम्ही दरवर्षी माघात विचारायचात, "केलंस ना रे?" आणि मी म्हणायचो, "हो, कधीच झालं." तुम्ही मला तत्पर समजलात. रामसेवकजींना सांगितलं, तर ते डोळे मिटून म्हणाले, "माँ है भैयाजी, महीना भर पहले आ जाती होंगी।" या वाक्याने मला बरं वाटलं, पण इतकं बरं वाटणं योग्य आहे का, ते तुम्हीच सांगा. विनंती अशी, की येत्या माघात तुम्ही आणि मामींनी भोपाळला यावं, आणि तुमच्या समोर ते एकदा नीट व्हावं. आईचे भाऊ म्हणून तुम्ही पाटाशेजारी बसलात तर मला धीर येईल. खालची बर्थ मी पाहतो, गुडघ्याची काळजी नको.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार एवढ्यात मामींचा मंजूषाला फोन आला. 'कुणाला सांगू नको' असं त्यांनी बजावलं, त्यामुळे मंजूषाने फक्त मलाच सांगितलं आणि मी फक्त तुम्हालाच लिहितो आहे. मामा, तुम्ही रागावलेलेच नव्हतात! तुम्ही त्या दिवशी उपवास केलात! मारुतीच्या देवळात भजनी मंडळ बोलावलंत, पाळणा बांधलात, रात्री बारापर्यंत बसलात आणि सगळ्या आळीला सुंठवडा वाटलात. गुरव म्हणाला, "गुरुजी, कॅलेंडरात तर महिनाभरानं आहे," तर तुम्ही त्याला म्हणालात, "तुझं कॅलेंडर छापायला चुकलं असेल. हे माझ्या भाच्यानं केलंय." आणि घरी येऊन पंचांग उघडलंत ते नवमीच्या सकाळी. तेव्हापासून कुणाचाच फोन घेत नाही म्हणे, सगळे हसतील म्हणून.

सत्तर वर्षं पंचांग वाचणाऱ्या माणसाने माझ्यासाठी ते एक दिवस मिटून ठेवलं. तुमच्या रागाची तयारी मी पत्रभर केली होती, याची नव्हती. हसणार कोण, मामा? तुमचा एक दिवस गेला, माझी अकरा वर्षं, आणि दोघेही कुणावर तरी विश्वास ठेवून चुकलो. खरी गोकुळाष्टमी दहा-अकरा दिवसांवर आली आहे. पाळणा सोडला नसेल तर राहू द्या.

ता. क. तिसरा. माघ वद्य षष्ठी कुठल्या तारखेला येते ते मी मुद्दाम लिहिलेलं नाही. तुम्ही पंचांग उघडून पाहा आणि मला फोन करून सांगा. तुम्ही सांगाल त्या दिवसाची रजा टाकतो. पडद्यावर एक तारीख दिसते आहे. ती तुमच्या तारखेशी जुळली, तर प्रोग्राम दुरुस्त झाला असं नलिनीताईंना कळवीन.